औषधी वनस्पतींसाठी दाणेदार जिवाणू खत

औषधी द्रव्याचे गुण केवळ खलात ठरत नाहीत. त्यांचा आरंभ भूमीत होतो. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील ३६ व्या अध्यायात वारूळ, स्मशान, खाचखळगे यांनी युक्त भूमी औषधी संग्रहासाठी वर्ज्य मानली आहे. आज अनेक वैद्यबंधू-भगिनी शतावरी, अश्वगंधा यांची स्वतः लागवड करतात. अशा लागवडीस उपयुक्त दाणेदार जिवाणू खत कसे करावे, हे येथे पाहू.

ॲझोटोबॅक्टर हे जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात, तर स्फुरद विरघळविणारे जिवाणू मातीत अडकून पडलेले स्फुरद मुळांना उपलब्ध करून देतात. भुकटीच्या रूपातील खत वाऱ्याने उडते व उन्हाने लवकर सुकते. दाणा मात्र मुळाजवळ टिकतो आणि त्यातील सेंद्रिय द्रव्य जिवाणूंना आश्रय देते.

पहिल्या खेपेस आम्ही जिवाणूसंवर्धक शेणखतातच कालवले, दाणे वळले आणि गच्चीवर भर उन्हात वाळविले. दाणे टणक व देखणे झाले. परंतु प्रयोगशाळेतील तपासणीत जिवंत जिवाणू जवळजवळ आढळलेच नाहीत. मृत दाणा आणि सजीव दाणा डोळ्यांना सारखेच दिसतात, हा धडा आम्हांस तेव्हा मिळाला. म्हणून दाणे आधी वळून वाळवावेत व जिवाणू सर्वांत शेवटी द्यावेत.

कृती अशी : पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत १०० किलो सावलीत सुकवून बारीक चाळावे. त्यात चाळलेली चिकणमाती १० किलो मिसळावी. एक किलो गूळ पाण्यात उकळून, थंड करून, ते पाणी फिरत्या पिंपात थोडे थोडे शिंपडावे. मिश्रण गोल फिरत राहिले की दोन ते चार मिलिमीटरचे दाणे तयार होतात. ते छायाशुष्क करावेत. दाणे पूर्ण थंड असताना दोन्ही संवर्धके, द्रवरूप असल्यास प्रत्येकी ५०० मिलिलिटर, पातळ गूळपाण्यातून त्यांवर फवारावीत. चूर्णास भावना द्यावी तसाच हा संस्कार होय. नंतर सावलीतच किंचित सुकवावे. ओलावा पूर्णपणे घालवू नये.

हे खत हवा खेळती राहील अशा पिशवीत, थंड जागी ठेवून तीन महिन्यांच्या आत वापरावे. रोपाच्या मुळाशी घालून मातीने झाकावे व हलके पाणी द्यावे. रासायनिक बुरशीनाशक किंवा रासायनिक खत त्यात कधीही मिसळू नये.

दोन पथ्ये विशेष सांगावीशी वाटतात. अश्वगंधेचे मूळ चूर्णरूपाने थेट पोटात जाते. म्हणून कच्चे शेण वापरू नये, कारण त्यातून रोगकारक जंतू मुळांपर्यंत पोहोचू शकतात. शहरी कचऱ्याचे खतही टाळावे. त्यात शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू असू शकतात.

खताची विक्री करावयाची झाल्यास खत नियंत्रण आदेश, १९८५ लागू होतो. २००६ पासून जिवाणू खतेही त्याच्या कक्षेत आली असून दर ग्रॅमला किमान पाच कोटी जिवंत पेशी अपेक्षित आहेत. स्वतःपुरते खत करतानाही प्रत्येक खेपेचा नमुना तपासून घ्यावा, असे आम्ही सुचवितो. द्रव्यपरीक्षेवाचून आपण औषध देत नाही. मग ज्या खतावर ते द्रव्य पोसले जाते, त्याची परीक्षा का टाळावी?