औषधाची गोळी आणि दुधाचा पेला

काही गोळ्या पाण्याबरोबरच घ्या, दुधाबरोबर नको, असं डॉक्टर बजावून सांगतात. दूध तर पौष्टिक, मग त्याचं औषधाशी वाकडं का?

टेट्रासायक्लिन हे अशाच औषधांपैकी एक. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ आली. लाखो लोकांनी शहर सोडलं आणि औषधांच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल बघता बघता संपल्या. हे प्रतिजैविक जिवाणूच्या पेशीत प्रथिनं तयार करणाऱ्या रायबोसोमवर जाऊन बसतं. यंत्रमागाचा धोटाच अडकला तर कापड पुढे विणलं जात नाही, तसंच इथे होतं. नवी प्रथिनं न मिळाल्यानं जिवाणूंची वाढ खुंटते आणि शरीराची प्रतिकारशक्ती त्यांचा निकाल लावते.

पण त्यासाठी औषध आतड्यातून रक्तात उतरायला हवं.

टेट्रासायक्लिनचा रेणू कॅल्शियमला घट्ट धरतो. दुधात कॅल्शियम भरपूर. दोघांचं मिळून जे संयुग बनतं, ते आतड्याच्या अस्तरातून सहजी आत शिरत नाही. औषधाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग वाया जातो. लोहाच्या गोळ्या आणि ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम असलेली ॲसिडिटीची औषधंही हेच करतात. म्हणून दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवायला सांगतात.

याच कुळातल्या डॉक्सिसायक्लिनला दुधाचा अडथळा बराच कमी होतो. कॅल्शियमची ही ओढ दातांतही दिसते. लहान मुलांच्या घडणाऱ्या दातांत टेट्रासायक्लिन साठलं, तर दात कायमचे पिवळट-करडे होतात. त्यामुळे ८ वर्षांखालच्या मुलांना ते सहसा देत नाहीत.