फ्लूची एकच गोळी, दोन कामे

महाराष्ट्रात फ्लू वर्षातून दोनदा उसळी घेतो: पावसाळ्यात आणि जानेवारी ते मार्च. फलटणमध्ये पहिल्या उसळीच्या तोंडावर माउलींची पालखी मुक्कामी असते. दुसरीच्या वेळी गळीत हंगाम ऐन भरात असतो आणि ऊसतोड मजुरांची कुटुंबे कोपीत दाटीने राहत असतात.

ऑसेल्टामिवीर हे औषध आजाऱ्याला बरे करते, तसेच त्याच्या सहवासातल्यांचा बचावही करते. प्रौढ रुग्णाला ७५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ५ दिवस. ताप आल्यापासून ४८ तासांत सुरू केल्यास गुण सर्वाधिक. घरातल्या गरोदर बाईला किंवा दमेकरी आजोबांना प्रतिबंधासाठी हीच मात्रा दिवसातून एकदा देतात. दोन्ही वेळा डॉक्टरांच्या सल्ल्यानेच. साध्या सर्दीला ही गोळी नकोच, आणि फ्लूच्या विषाणूवर अँटिबायोटिक काहीच करत नाही. तरी आपल्याकडे तेच मागून घेतले जाते, याची खरोखर काळजी वाटते.

लशीचे संरक्षण तयार व्हायला सुमारे २ आठवडे लागतात. म्हणून ती पालखीच्या आधी घ्यावी, साथ पसरल्यावर नव्हे. विषाणू रूप बदलतो, त्यामुळे दरवर्षी नवा डोस लागतो. २०१५च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर राज्य सरकारने गरोदर महिला, मधुमेही आणि रक्तदाबाच्या रुग्णांना ही लस मोफत देऊ केली होती.

धाप, छातीत दुखणे, थुंकीत रक्त, नखे निळसर पडणे, किंवा बाळाचे पोट उडणे दिसल्यास घरगुती काढ्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.