शेवटची चाल वाढली, आता शो मागायचा की पॅक?

पोळ्याच्या दिवसांत नेरमध्ये पत्ते निघाले की तीन पत्ती आलीच. पैसे लावून खेळलं तर १८८७चा जुगार प्रतिबंधक कायदा आडवा येतो आणि २०२५च्या केंद्रीय कायद्यानं मोबाइलवरचा पैशांचा डावही बंद झाला. म्हणून इथला हिशेब चिंचोक्यांचा. डोकं तेवढंच लागतं.

समजा, बाकीचे पॅक झाले, म्हणजे पत्ते टाकून डावातून बाहेर पडले, आणि आपण व समोरचा असे दोघंच उरलात. दोघांनीही पत्ते पाहिलेले. चाल २० ची चालू होती, समोरच्यानं एकदम ४० टाकले. त्याच्या ४० सकट मधल्या ढिगात आता १२० चिंचोके आहेत. आपल्या हातात राण्यांची जोडी, सोबत पंजी.

आपण पॅक होऊ शकता, चाल देऊ शकता किंवा तेवढेच ४० देऊन शो, म्हणजे दोघांचे पत्ते उघडून निकाल, मागू शकता. (शोची किंमत घरोघरी बदलते, डाव सुरू व्हायच्या आधी विचारून घ्या.) पोकरमध्ये शेवटचं पान उघडल्यावर समोरच्याचा रेझ कॉल करतात, म्हणजे त्यानं वाढवलं तेवढंच घालून निकाल बघतात, तो प्रसंगही असाच.

आधी किंमत काढा. १२० मिळवायला ४० द्यायचे. इथं पुष्कळजण ४० ला १२० नं भागतात आणि फसतात. आपले ४० गेल्यावर ढीग १६० चा होतो, म्हणून भागायचं १६० नं. उत्तर २५ टक्के. चार वेळा असा शो मागून एकदा जिंकलात तरी बरोबरी झाली, त्याहून जास्त वेळा जिंकलात तर फायदा.

या हिशेबात आपण आधी घातलेले चिंचोके धरायचे नाहीत. ते आता ढिगाचे झाले. ‘इतके घातले, आता कसं सोडू?’ म्हणत केलेला शो बहुधा दुसऱ्याचं घर भरतो.

आता पत्ते. ५२ पानांतून तीन पानांचे २२,१०० हात होतात. ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, फक्त ५२. एकाच रंगाची ओळीनं पानं ४८, साधी ओळ ७२०, कलर, म्हणजे एकाच रंगाची पण ओळ नसलेली पानं, १,०९६. त्यांच्या खाली जोड्या ३,७४४. राण्यांच्या जोडीला हरवणारे हात, राजांच्या आणि एक्क्यांच्या जोड्या धरून, साधारण अडीच हजार, शंभरात अकरा. ऐकून छाती फुगते ना? पण हा आकडा पत्ते न पाहता, ब्लाइंड खेळणाऱ्यापुढे खरा. समोरच्यानं पत्ते पाहून चाल दुप्पट केली आहे.

म्हणून विचारायचं ते हे: हा माणूस कोणत्या हातांवर अशी चाल वाढवतो? कुठल्याही जोडीवर वाढवत असेल, तर त्याचे असे हात ५,६६० होतात. त्यातले २,८८० राणीपेक्षा लहान जोड्यांचे. म्हणजे आपण निम्म्याहून थोडे जास्त वेळा जिंकता. लागतात २५ टक्के, तेव्हा खुशाल शो मागा. (आपल्या हातातली पानं वजा केलेली नाहीत, हिशेब ढोबळ आहे.)

तोच माणूस कलर किंवा त्याहून मोठा हात असल्याशिवाय वाढवत नसेल, तर राण्यांची किंमत शून्य. मग तो कधी खोटी चाल खेळतो का, एवढंच उरतं. चारातली एक तरी खोटी असेल तरच शो परवडतो.

हे कळायला आधीचे शो बघावे लागतात, आणि इथंच आपण कमी पडतो. पॅक झालो की चहाकडे वळतो, मोबाइल काढतो. खरी माहिती तर तेव्हाच फुकट मिळते: कुणी काय हातात धरून चाल वाढवली होती. मात्र एकदा दुर्री-सत्तीवर खोटी चाल पकडली म्हणून तो माणूस कायमचा खोटा ठरत नाही. ती एक चाल सगळ्यांच्या लक्षात राहते, त्याचे दहा खरे हात कुणाच्या लक्षात राहत नाहीत.

शेवटचा सापळा म्हणजे शो न मागता ‘बघू’ म्हणून आणखी एक चाल देणं. शोचे ४० दिले की खर्च तिथंच थांबतो. चालीचे ४० दिले की समोरचा ८० टाकू शकतो, आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागतो. मधल्या जोडीवर असं करू नका. ट्रेल हाती असेल तर गोष्ट वेगळी.