पहिला टाका वाकडाच पडतो

"आता या वयात काय शिकायचं?" "माझा हात बसलेला नाही." "लोक हसतील." पाटस आणि दौंड भागातल्या वस्त्यांमध्ये गोधडी शिवण्याचा विषय काढला की ही उत्तरे हमखास येतात. आणखी एक उत्तर कोणी मोठ्याने देत नाही, पण आम्हाला तेच सगळ्यांत खरे वाटते. गोधडी म्हणजे गरिबी. आई-आजीने फाटकी लुगडी एकावर एक घालून शिवली, कारण विकत आणायला पैसे नव्हते. आता बाजारात मऊ ब्लँकेट मिळते, मग पुन्हा ठिगळे कशाला?

आरोग्याच्या पानावर हे कशाला, असेही कोणी विचारील. आपल्या घरात पाहा. गुडघे गेल्यामुळे रानातले काम सुटलेली मावशी असते. दौंडला रेल्वेत नोकरी करून निवृत्त झालेले काका असतात. ऊस संपून कारखान्याचा पट्टा पडला की उन्हाळ्याची दुपार मोठी होते. आयुष्यभर राबलेले हात एकाएकी रिकामे होतात. मग दुपारी झोप, रात्री जाग, दिवसभर टीव्ही आणि मिश्रीची डबी. हात कामात गुंतले की त्या डबीकडे कमी वेळा जातात, हे आम्ही पाहिले आहे.

अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठातील गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. 39 प्रौढ माणसांना 45 मिनिटे रंग, माती, कागदाचे तुकडे असे साहित्य दिले आणि हवे ते करू दिले. आधी आणि नंतर लाळ तपासली. ताण वाढला की शरीरात कॉर्टिसॉल नावाचे द्रव्य वाढते. ते सुमारे 75 टक्के लोकांमध्ये कमी झालेले आढळले. माणसे थोडी होती, त्यामुळे यावरून फार मोठा दावा करता येणार नाही. पण आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. पूर्वी असे काही केलेल्यांना जास्त आणि नवख्यांना कमी, असा ठळक फरक दिसला नाही. म्हणजे हात बसेपर्यंत थांबायचे कारण नाही.

आता ठिगळाच्या लाजेबद्दल. 1927 च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब स्त्रियांशी वेगळे बोलले होते. कपड्यांना ठिगळे असली तरी चालतील, पण ते स्वच्छ असावेत, असे त्यांनी सांगितले. लाज ठिगळाची नव्हे, हे तेव्हाच सांगून झाले आहे. नाइलाजाने शिवणे वेगळे आणि रंग जुळवत, आवडीने शिवणे वेगळे. वयाचे म्हणाल, तर बाबासाहेबांनी व्हायोलिन शिकायला घेतले ते उतारवयात, मधुमेह जडलेला असताना, रीतसर शिक्षकाकडून. नवशिक्याचे व्हायोलिन ऐकलेल्यांना ठाऊक आहे, घरच्यांच्या कानांना ते किती गोड लागते!

पहिल्याच दिवशी मोठी गोधडी अंगावर घेऊ नये. बहुतेकांचा उत्साह तिथेच मोडतो. दीड हाताचे बस्कर घ्यावे. जुनी सुती साडी किंवा धोतर धुऊन, कडक उन्हात वाळवून मगच कापावे. जुन्या कपड्यातली धूळ दम्याच्या माणसाला सोसत नाही. नायलॉनची साडी सुरुवातीला नको, ती हातातून सटकते. तीन-चार थर सारखे पसरून लांब कच्च्या टाक्यांनी टाचून घ्यावेत. मग कडेने साधा धावदोरा घालत जावे आणि दोन बोटे अंतर ठेवून आत आत वळत यावे. दोरा हातभरच घ्यावा, लांब घेतला की गुंता होतो. गाठ थरांच्या मध्ये लपवावी. रेघ वाकडी गेली तर जाऊ द्यावी, उसवत बसू नये. दोन धुण्यांनंतर कापड आकसते आणि वाकडे टाके त्यात मिसळून जातात. कोपऱ्याला मात्र चुणी पडते, ती पहिल्या दोन-तीन बस्करांत पडतेच.

सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून "मला जमत नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणींना खरी गरज चष्म्याची असते. चाळिशीनंतर जवळचे अंधुक दिसू लागणे स्वाभाविक आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डोळे तपासण्याबद्दल विचारावे. मधुमेह असलेल्यांनी अधिक जपावे, कारण बोटे बधिर असली तर सुई टोचलेली कळत नाही. शिंपी बोटात घालतात ते धातूचे टोपण वापरावे आणि उठताना बोटे निरखावीत. गंजलेली सुई फेकून द्यावी. टोचलीच तर जखम साबणाने धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. दाराशी, दिवसाच्या उजेडात, भिंतीला पाठ टेकून बसावे आणि अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. हाताला मुंग्या येऊ लागल्या तर काम बंद ठेवावे.

पुरुषांची अडचण निराळी. "हे बायकांचं काम" म्हणून ते सुईला हात लावत नाहीत. पण विजारीची शिलाई मारून घ्यायला आपण ज्या मास्तरांकडे जातो, ते पुरुषच असतात ना?

एकटीने घरात बसून शिकण्यापेक्षा चौघींनी विहाराच्या ओट्यावर बसावे. तिथे एखादी आजी असतेच, जिचा हात डोळे मिटूनही चालतो. तिला कोणी बरेच दिवसांत काही विचारलेले नसते. मात्र सुईदोरा हे प्रत्येक दुखण्यावरचे औषध नव्हे. दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, जगणे नको वाटते, असे कोणी बोलले तर त्याच्या हातात सुई देऊन भागणार नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येते.

आणि बस्कर पुरे झाले की ते पेटीत ठेवू नये. घरी आलेल्या पहिल्या पाहुण्याला त्यावर बसवावे. तो खाली वाकून बघेल आणि कोणी शिवले ते विचारील.