पिवळे पान: जुने की नवे?

आमच्या वरूड-मोर्शीकडच्या पट्ट्याला 'विदर्भाचे कॅलिफोर्निया' म्हणतात. लहानपणी त्याचा मोठा अभिमान वाटे. पुढे नोकरीच्या निमित्ताने खऱ्याच कॅलिफोर्नियात आलो, तेही ऑरेंज काउंटीत, आणि पाहतो तो काय, संत्र्याचे नाव लावणाऱ्या या काउंटीत संत्र्याच्या बागा जवळजवळ उरलेल्याच नाहीत. बागा होत्या तिथे आता आपल्यासारख्यांची घरे आहेत. नाव राखले आहे ते बॅकयार्डातल्या एकेकट्या झाडांनी.

असेच एक लिंबाचे झाड आमच्याकडे आहे. मुलगी झाली त्या वर्षी लावलेले. ती शिकून फिनिक्सला नोकरीला गेली, झाड इथेच आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये ते नेहमीसारखे फुलले. वास स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत येत होता. आणि ऐन फुलोऱ्यात पाने पिवळी पडू लागली. मी इंजिनियर माणूस, त्यामुळे विचार न करता उपाय सुरू केला. दुकानातून खताची पिशवी आणली, ओंजळी भरभरून टाकली आणि पाणी वाढवले. मे महिन्यापर्यंत खालच्या पानांबरोबर शेंड्याची पानेही पिवळी झाली होती. त्याच आठवड्यात टपालाने राज्याच्या कृषी खात्याचे पत्रक आले. आमच्या घरापासून थोड्याच अंतरावर एका झाडात हुआंगलाँगबिंग, म्हणजे एचएलबी, हा रोग सापडला होता. या चिनी नावाचा अर्थ 'पिवळ्या ड्रॅगनचा रोग' असा सांगतात. त्यावर औषध नाही, आणि रोग सिद्ध झाला तर झाड काढावेच लागते.

आमच्या घरी त्या रात्री जेवण नीट झाले नाही. झाड ते झाड, त्यात एवढे काय, असे म्हणणारे म्हणोत.

वरूडला माझे धाकटे काका अजून बाग करतात. त्यांना फोन लावला. माझे सगळे वर्णन ऐकून घेतल्यावर काकाजी म्हणाले, "पिवळं पडलं, पिवळं पडलं म्हनतं, पन कोनतं पान? जुनं का नवं?" मला सांगता येईना. मी पाहिलेच नव्हते. "आधी जाऊन पाय, मंग फोन कर," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

या एका प्रश्नात निम्मे निदान आहे, हे मला नंतर कळले. नत्र आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये झाडाच्या आत हलवता येतात. फुलोरा आणि नवती (शेंड्याची कोवळी फूट) आली की झाडाला एकदम नत्र लागते. जमिनीतून पुरेसे मिळाले नाही तर झाड ते आपल्याच जुन्या पानांतून काढून घेते. घरात कार्य निघाले की आई आपल्या पाटल्या मोडते, तसे. म्हणून नत्राची भूक जुन्या पानांवर दिसते: सबंध पान, शिरांसकट, सारखे फिके पिवळे. मार्चमध्ये तर जमिनीत नत्र असूनही असे होऊ शकते, कारण हिवाळ्याने माती थंड असते आणि गार मातीत मुळे आळशी होतात. ऊन वाढले की पुष्कळदा हा पिवळेपणा थांबतो. मॅग्नेशियमची खूण याहून सुंदर. तीही जुन्या पानांवरच, पण देठाकडे हिरवी पाचर शिल्लक राहते आणि कडा पिवळ्या होतात.

लोह आणि जस्त यांना मात्र एकदा पानात बसले की सहसा हलता येत नाही. त्यांची उणीव नव्या पानांवर उमटते. लोह कमी पडले तर पान पिवळे, कधी जवळजवळ पांढरे, आणि त्यावर हिरव्या शिरांची बारीक जाळी. जस्त कमी पडले तर नवी पाने लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळे डाग असलेली. इथली गंमत अशी, की आपल्या दक्षिण कॅलिफोर्नियाच्या मातीत लोह भरपूर असते, फक्त ते मुळांना मिळत नाही. माती अल्कधर्मी, नळाचे पाणी जड, आणि त्यातून लॉनचे स्प्रिंकलर! आमचे स्प्रिंकलर रोज दहा मिनिटे झाडाचे खोडही भिजवीत होते, आणि वर मी पाणी वाढवलेले. माती सदा ओली राहिली की मुळांना हवा मिळत नाही, आणि हवा नसलेले मूळ समोरचे लोहही उचलत नाही. काकाजींच्या भाषेत, जमिनीला वाफसाच येऊ दिला नव्हता. असे भिजते खोड डिंक्याला निमंत्रण देते हेही त्यांनी ऐकवले. साल फुटून डिंक गळू लागला की मग खताचा विषयच संपतो.

म्हणजे मार्चमध्ये झाडाला नत्राची साधी भूक होती, आणि मे महिन्यातला पिवळेपणा बहुतांशी मी केलेला होता.

खताबद्दल इथेच सांगून टाकतो. पूर्ण वाढलेल्या झाडाला वर्षाला सुमारे एक पौंड नत्र पुरते, तेही वसंतापासून उन्हाळ्यापर्यंत दोन-तीन हप्त्यांत. एक पौंड नत्र म्हणजे एक पौंड खत नव्हे. अमोनियम सल्फेटच्या पिशवीवर 21 हा आकडा असतो, म्हणजे शेकडा 21 नत्र. तेव्हा खत साधारण पावणेपाच पौंड लागेल. लोह द्यायचे तर लेबलवर ईडीडीएचए शोधा. स्वस्तातले ईडीटीए आपल्या मातीत फारसे टिकत नाही.

काकाजींनी आणखी एक गोष्ट सांगितली ती मी विसरूनच गेलो होतो. आपल्याकडे विदर्भात झाडे मुद्दाम पिवळी पाडतात! अंबिया बहार घ्यायचा असेल तर हिवाळ्यात आणि मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचे पाणी तोडतात. त्याला ताण देणे म्हणतात. हलक्या जमिनीत महिनाभर, भारी जमिनीत त्याहून जास्त. पाने मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. मग खत आणि पाणी दिले की झाड फुलांनी लगडते. लहानपणी ताणावरची बाग पाहून मी रडलो होतो असे काकाजी सांगतात. मला आठवत नाही, पण खरे असेल. वडीलधारे तेव्हा त्या पिवळ्या पानांकडे पाहून खूश असत.

आता ड्रॅगन. भुकेचे पिवळेपण पानाच्या मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना सारखे असते. डावी बाजू आरशात धरली तर उजवी दिसावी इतके. एचएलबीचे तसे नसते. पान मध्ये दुमडून पाहा: एका अर्ध्यावर पिवळा डाग आहे तिथे दुसऱ्यावर हिरवे, असे वेडेवाकडे ठिगळ, आणि ते शिरांना न जुमानता पसरलेले. सुरुवातीला सगळे झाड नव्हे, एखादीच फांदी पिवळी होते. फळे लहान, एका अंगाला वाकडी, खालून हिरवीच राहिलेली आणि कडवट असतात. माणसाला त्यापासून धोका नाही. पण झाडाच्या अन्नवाहिन्या बंद होतात आणि ते काही वर्षांत मरते. शिवाय लागण झाल्यापासून खुणा दिसेपर्यंत कित्येक महिने, कधी वर्षेही जातात. तोवर हिरवेगार झाड रोग वाटत असते. फ्लॉरिडात हा रोग 2005 साली सापडला. त्याआधी 2003-04 च्या हंगामात तिथे संत्र्याच्या 24 कोटींहून अधिक पेट्या निघाल्या होत्या. 2024-25 मध्ये निघाल्या सव्वा कोटीच्या आसपास. वादळांनीही हात दिला, पण मुख्य घाव या रोगाचा. कॅलिफोर्नियात पहिले झाड 2012 मध्ये हॅसिएन्डा हाइट्सला सापडले, तेही कुणाच्या शेतात नाही, घराच्या आवारात.

हा रोग पसरवतो तो तिळाएवढा कीटक. वैदर्भी शेतकरी त्याला सायला म्हणतात. कोवळ्या फुटीवर डोके खाली आणि मागची बाजू वर करून तिरपा बसतो. पिल्ले पिवळसर असतात आणि त्यांच्या अंगातून पांढऱ्या मेणाचे दोरे निघतात. आणि त्याला लिंबाइतकेच आवडणारे झाड कोणते? आपला कढीपत्ता. लिंबू, बेल, कवठ, कढीपत्ता ही सगळी एकाच कुळातली. कढीपत्त्याला स्वतःला एचएलबी होत असल्याचे आढळलेले नाही, पण सायला त्यावर सुखाने संसार करतो. 2009 साली फ्रेस्नोला भारतातून आलेल्या एका पार्सलात पाल्यावर असे कीटक सापडले, आणि त्यांच्यात रोगाचे जंतूही होते. भारतातून ताजा कढीपत्ता आणायला मनाई आहे ती यासाठी. सामान तपासणारा आपल्या फोडणीवर जळतो म्हणून नव्हे.

हे वाचून मी मागच्या अंगणात गेलो. सौभाग्यवतींचा कढीपत्ता मंडळात प्रसिद्ध आहे. त्याच्या बुंध्याशी दरवर्षी पिलवे फुटतात आणि गणपतीच्या कार्यक्रमात ती कॉफीच्या डब्यांतून वाटली जातात. आमच्या घरची रोपे सॅन होजेपर्यंत गेली आहेत. भिंगातून पाहिले. शेंड्यावर मेणाचे पांढरे दोरे होते, आणि खोडावरून मुंग्यांची रांग चाललेली होती.

मुंग्यांचेही सांगायला हवे. सायलाच्या पिल्लांचा गोड स्राव त्यांना हवा असतो, म्हणून त्या पिल्लांचे रक्षण करतात. कुणापासून? तर टॅमॅरिक्सिया नावाच्या इवल्या गांधीलमाशीपासून. ही माशी सायलाच्या पिल्लाखाली अंडी घालते. रिव्हरसाइडच्या विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ती पाकिस्तानातल्या पंजाबातून शोधून आणली आणि 2011 च्या डिसेंबरात इथे सोडायला सुरुवात केली. पाठवणी त्याच मुलखातून, समाचार घेणाराही त्याच मुलखातला. मुंग्यांचा बंदोबस्त केला की माशीला काम करता येते.

कृषी खात्याच्या हॉटलाइनला फोन केला. एक बाई आल्या. लिंबाची आणि कढीपत्त्याची पाहणी केली, लिंबाची पाने देठासकट पिशवीत घेतली, कीटक अल्कोहोलच्या बाटलीत. फी काही नाही. जाताना त्यांनी नियम समजावला: आमचे घर आता एचएलबीच्या क्वारंटाइनमध्ये आहे, तेव्हा या झाडांचे रोप, पाला, फळ काहीही आवाराबाहेर न्यायचे नाही. घरात खुशाल खा. सौभाग्यवतींनी विचारले, "शेजारी चार लिंबं दिली तर?" "तीही नाही," बाई म्हणाल्या.

निकाल यायला बरेच आठवडे लागले. मधल्या काळात मी स्प्रिंकलर वळवला, आळे खोडापासून लांब केले, माती वरून दोन-तीन इंच सुकल्याशिवाय पाणी दिले नाही, आणि खताची पिशवी गराजमध्ये ठेवून दिली. रोज सकाळी कॉफी घेऊन बाहेर जात असे आणि पाने दुमडून पाहत असे. सगळी आरशासारखी सारखी. तरी मन मानत नसे. ऑगस्टमध्ये पत्र आले: रोगाचा अंश नाही. तोवर नवी नवती हिरवी निघाली होती. पिवळी झालेली जुनी पाने हिरवी झाली नाहीत, ती गळाली.

कढीपत्ता ठेवला आहे, पण छाटून लहान केला. कोवळी फूट आली की बागेत मिळणारे साबणाचे पाणी फवारतो. सॅन होजेच्या मित्राला फोन करून आमचे रोप तपासायला सांगितले. तो प्रथम हसला, मग भिंग घेऊन गेला.

मुलीने फिनिक्सला नवे घर घेतले तेव्हा आईकडे एकच मागणे केले, कढीपत्त्याचे रोप. आईने गाडीत ठेवायला डबासुद्धा धुऊन ठेवला होता. आम्ही तो रिकामाच नेला. तिथल्या परवानाधारक नर्सरीत रोप मिळाले तर त्यातच लावू म्हणून.