आंत्र-प्रतिरक्षण व आंत्रज्वर

आतड्यातील सूक्ष्मजंतूंना रक्तात शिरू न देणाऱ्या शारीरिक व्यवस्थेस आंत्र-प्रतिरक्षण म्हणतात. आतड्याच्या पोकळीत असंख्य सूक्ष्मजंतू कायम वास करतात. त्यांचा नायनाट करणे हे या व्यवस्थेचे कार्य नसून त्यांना हद्दीत ठेवणे हे आहे. पचनमार्गाच्या अंतःपृष्ठाचे क्षेत्रफळ प्रौढ माणसात सु. ३० चौ. मी. भरते आणि एवढ्या विस्तारावर अधिस्तर कोशिकांचा एकच थर असतो.

या थरावर श्लेष्म्याचे (बुळबुळीत स्रावाचे) आवरण असते. लहान आतड्यातील पॅनेट कोशिका सूक्ष्मजंतुनाशक प्रथिने स्रवतात, तर इम्युनोग्लोब्युलिन-ए जातीची प्रतिपिंडे सूक्ष्मजंतूंना चिकटून त्यांना अधिस्तरापासून दूर ठेवतात. तरीही आत शिरलेल्यांपैकी बहुतेकांना महाभक्षी कोशिका गिळून नष्ट करतात. उरलेले लसीकेबरोबर वाहत जाऊन आंत्रबंधातील लसीका ग्रंथींत अडकतात किंवा नीलेतून यकृतात पोहोचून तेथे मारले जातात.

शेषांत्राच्या भित्तीत लसीका कोशिकांचे पुंजके असतात. योहान कोनराट पायर या स्विस वैद्यांनी १६७७ मध्ये त्यांचे वर्णन केल्यामुळे त्यांस ‘पायर क्षेत्रे’ म्हणतात. त्यांवरील एम-कोशिका पोकळीतील सूक्ष्मजंतूंचे नमुने मुद्दाम आत घेतात व त्यावरून प्रतिपिंडे तयार होतात. आंत्रज्वराचा (टायफॉइडचा) सूक्ष्मजंतू, साल्मोनेला टायफी, नेमका याच वाटेने शिरतो. त्याच्या जवळच्या नात्यातील साल्मोनेला टायफीम्यूरियममुळे तत्काळ तीव्र शोथ (दाहयुक्त सूज) होतो व निरोगी माणसात संसर्ग बहुधा आतड्यापुरताच राहतो. टायफी मात्र व्हीआय नावाच्या शर्करामय आवरणामुळे प्रतिरक्षणाच्या नजरेतून निसटतो. गिळणाऱ्या महाभक्षी कोशिकेतच तो जगतो व तिच्यातूनच लसीका ग्रंथी ओलांडून रक्त, यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा येथे पसरतो. हे घडत असता एक-दोन आठवडे रोग्यास फारसे काही जाणवत नाही. पुढे पित्ताबरोबर तो पुन्हा आतड्यात येतो, पायर क्षेत्रांत व्रण पडतात आणि उपचार न झाल्यास साधारण तिसऱ्या आठवड्यात रक्तस्राव वा आतड्यास छिद्र पडण्याचा धोका असतो. काहींच्या पित्ताशयात तो बरे झाल्यावरही टिकून राहतो. असे वाहक स्वतः धडधाकट दिसतात, हीच खरी अडचण होय.

व्हीआय आवरणाचीच साधी लस दोन वर्षांखालील बालकांत उपयोगी ठरत नाही. तेच द्रव्य प्रथिनाशी जोडून केलेली संयुग्मित लस त्यांच्यातही प्रतिपिंडे निर्माण करते. नवी मुंबई महानगरपालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षे वयाच्या मुलांना ही लस देण्याची मोहीम हाती घेतली. सार्वजनिक आरोग्यसेवेमार्फत झालेली ही जगातील पहिली अशी मोहीम होय. एक लाखाहून अधिक मुलांना तिचा लाभ झाला. स्नायूत टोचली जाणारी ही लस मुख्यतः रक्तातील प्रतिपिंडे वाढविते. म्हणजे आतड्याचे दार ओलांडून आलेल्या सूक्ष्मजंतूस ती पुढच्या टप्प्यावर गाठते. आतड्यातील प्रतिपिंडे वाढविणारी, तोंडाने घ्यावयाची जिवंत लसही उपलब्ध होती. परंतु तिच्या कुप्या लहान बालकांना गिळता येत नसत.