१०५ तासांत वेब पेज? काहून नाही!

अमरावतीहून अकोल्याला गाडीनं जाताना वाटेत एक विक्रम लागतो. तोही थेट चाकाखाली! जून २०२२ मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ वर लोणी ते मूर्तिजापूर पट्ट्यात एका लेनच्या ७५ किलोमीटर डांबरीकरणाचं काम सलग १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झालं आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली.

आता हेच १०५ तास तुम्हाला दिले तर? ऑफिस, घर, मित्र, कट्टा सगळं सांभाळून रोज फक्त एक तास. म्हणजे साडेतीन महिने. तेवढ्यात स्वतःचं वेब पेज बनवता येईल? नुसतं बघायचं नाही, तर आपण विचारल्यावर उत्तर देणारं? काहून नाही! अट एकच. कॉपी-पेस्ट नाही, समजून घ्यायचं.

तीन दोस्त, तीन कामं

उदाहरण आपल्या मातीतलंच घेऊ या. समजा, तुम्हाला काकांसाठी एक पेज करायचंय. तूर बाजार समितीत नेली की वजन, भाव, हमाली, तोलाई टाकायची आणि बटण दाबलं की हातात किती पैसे येणार ते दिसायला हवं. थोडक्यात, मोबाइलवरची हिशेबपट्टी.

यातले चार रकाने आणि बटण मांडतं ते एचटीएमएल. जिनेव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना १९८९ मध्ये मांडली, त्या वेबची ही पायाभूत भाषा. अक्षरं किती मोठी, रंग कुठला, काकांच्या छोट्या स्क्रीनवर भर उन्हातही वाचता येईल का, हे सांभाळतं सीएसएस. १९९४ मध्ये हाकोन विउम ली यांनी ते सुचवलं. आणि बटण दाबल्यावर हिशेब करतं ते जावास्क्रिप्ट. ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत अवघ्या १० दिवसांत तिचं पहिलं रूप तयार केलं. १० दिवसांत! त्या घाईच्या काही खुणा आजही भाषेत दिसतात.

५० + २० = ५०२०!

आता खरी गंमत. समजा, तूर १० क्विंटल, भाव ७,००० रुपये, हमाली ५० आणि तोलाई २०. तोंडी हिशेब सोपा आहे. ७०,००० मधून ७० वजा, उरले ६९,९३०. पण नवशिक्याचं पेज बिनदिक्कत ६४,९८० दाखवतं. मधले ४,९५० रुपये गेले कुठे?

रकान्यात टाइप केलेली प्रत्येक गोष्ट जावास्क्रिप्टला आधी मजकूर म्हणून मिळते. गुणाकार आणि वजाबाकी करताना ती त्या मजकुराचा गुपचूप आकडा करून घेते. अधिकचं चिन्ह मात्र दोन मजकूर शेजारी-शेजारी चिकटवतं. मग ५० आणि २० मिळून ७० होत नाहीत, ५०२० होतात! उपाय एका शब्दाचा आहे. बेरजेआधी ‘नंबर’ हे फंक्शन वापरून मजकुराचा आकडा करायचा, बस्स.

दुसरा खड्डा तर खास आपला आहे. काकांनी मराठी कीबोर्डवरून १० असं देवनागरीत टाइप केलं, तर ‘नंबर’ला तो आकडा वाटतच नाही. ‘हा आकडा नाही’ अशा अर्थाचं उत्तर देऊन ते मोकळं होतं. देवनागरी अंक आधी बदलून घेण्याची सोय आपल्यालाच करावी लागते. ही अडचण परदेशातल्या रेडिमेड धड्यात सहसा भेटत नाही. ती मूर्तिजापूरच्या काकांनाच भेटते, आणि ती सोडवणारा माणूस त्यांच्या ओळखीतला असला तर किती बरं!

मग एआय कशाला आहे?

हा प्रश्न येणारच. असं पेज एआय काही सेकंदांत लिहून देतं, खरंय. पण दिसायला चकाचक असलेलं पेज ४,९५० रुपये खातंय, हे ओळखणार कोण? काका बिचारे ‘कॉम्प्युटरनं काढलंय म्हणजे बरोबरच असेल’ म्हणून गप्प बसतील. म्हणूनच मूळ गोष्टी शिकायच्या. कोड कुणीही लिहो, पट्टी तपासता आली पाहिजे.

आणि एक प्रामाणिक सूचना. एवढं शिकलात की लगेच पुण्यात भारी पॅकेज, असं काही नाही. हा पाया आहे. मात्र अकाउंट्स, बँक, शाळा, शेतीमालाचा व्यापार, तुम्ही कुठेही असा, रोजचं एखादं कटकटीचं काम स्वतः सोपं करता येतं. तेही गाव न सोडता.

तुमचं १०५ तासांचं टाइमटेबल

पहिले १५ तास एचटीएमएल : शीर्षक, परिच्छेद, लिंक, चित्र, फॉर्म. मराठी पेज असेल तर यूटीएफ-८ लिहायला विसरू नका. एकेकाळी मराठी साइट वाचायला आधी फॉन्ट डाउनलोड करावा लागायचा, आठवतंय? युनिकोडनं ती कटकट संपवली.

पुढचे ३० तास सीएसएस : आधी मोबाइलसाठी मांडणी, मग मोठ्या स्क्रीनसाठी.

उरलेले ६० तास जावास्क्रिप्ट : आकडे आणि मजकूर यांतला फरक, अटी, फंक्शन, बटणाचं क्लिक. चुका शोधायला सर्वांत जास्त वेळ ठेवा.

खर्च? लॅपटॉप असेल तर जवळजवळ शून्य. साधं नोटपॅड आणि ब्राउझर पुरतं. मोझिलाचं एमडीएन आणि २०१४ पासून सुरू असलेलं फ्रीकोडकॅम्प इंग्रजीत फुकट शिकवतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात कॉम्प्युटरचे अनेक विषय मराठीतूनही ऐकायला मिळतात. आवडलेल्या साइटवर राइट क्लिक करून पेजचा सोर्सही बघा. सगळं कळणार नाही, पण ओळखीचे चेहरे भेटायला लागतील.

आणि हो, विक्रमातली ती ३३ मिनिटं उरलीच की! काकांची पट्टी पहिल्यांदा बरोबर आली की ती अमरावतीच्या गिला वड्यावर खर्च करा. बिलाची बेरीज मात्र तोंडीच करा!